चालत्या यंत्राचे श्राद्ध

दिवाळी तोंडावर आली की घरोघर माळे उतरवले जातात. वर्षभर ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही अशा वस्तू अंगणात येऊन बसतात आणि गृहिणी न्यायाधीशाच्या थाटात एकेकीचा निकाल लावते. आमच्या विष्णुपुरीच्या घरात या न्यायालयापुढचा एक खटला दरसाल तहकूब होतो. तो म्हणजे माझ्या टेबलावर रचलेल्या जुन्या लॅपटॉपांचा. "ही मेलेली धुडे घरात कशाला?" असा सौभाग्यवतींचा सवाल असतो. माझे उत्तरही दरसाल तेच: "मेलेली नाहीत, मेली असे कोणीतरी जाहीर केले आहे. या दोहोंत फरक आहे."

हा फरक न कळल्यामुळे आपण आपल्या खिशाचे आणि मुलाबाळांचे किती नुकसान करून घेतो, एवढेच मला इथे सांगायचे आहे. सणासुदीला भांडणाचा विषय काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण पाडव्याच्या मुहूर्तावर ज्या घरांत नवा लॅपटॉप येऊ घातला आहे, त्यांना हे भांडण आधी कळलेले बरे.

विष्णुपुरी हे नांदेडच्या अंगाला गोदावरीकाठी वसलेले गाव. बाहेरच्यांना ते धरणामुळे आणि उपसा सिंचन योजनेमुळे ठाऊक. आमच्या लेखी ते विद्यार्थ्यांचे गाव. १९८१ साली इथे गुरु गोबिंदसिंगजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा परिसर इथेच आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालयही इथेच आले. कंधार, लोहा, मुखेड, किनवट, अहमदपूर अशा तालुक्यांतून आलेली मुले खोल्या करून राहतात, मेसचे डबे खातात आणि शिकतात. तंत्रशिक्षणाच्या कर्मशाळेत हयात घालवून मी निवृत्त झालो, पण हाताची खाज गेली नाही. म्हणून ही मुले आपले आजारी लॅपटॉप माझ्याकडे आणतात.

२०२५ च्या दसऱ्यानंतर एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन असाच आला. त्या साली ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातले सोयाबीन पाण्यात गेले होते; त्यांचेही गेले होते. मुलगी पदव्युत्तर वर्गाच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या पिशवीत २०१७ च्या बनावटीचा, जुन्या बाजारातून घेतलेला लॅपटॉप होता. दुकानदाराने तो पाहून सांगितले होते की, आता याचे दिवस भरले, नवा घ्या. गृहस्थ मला म्हणाले, "सर, दुकानवाले म्हणायलेत हे आता चालत न्हाई म्हणून. मला तर चालायलंय दिसतंय."

मी झाकण उघडले, कळ दाबली. यंत्र सुरू झाले. खरोखरच चालत होते!

मग ते चालत नाही असे ठरवले कोणी? निजामाच्या राजवटीत आमच्या मराठवाड्यात फर्माने निघत. फर्मान का निघाले हे विचारायची सोय नसे. निघाले एवढेच पुष्कळ. इथेही तसेच एक फर्मान होते. २०१५ साली बाजारात आलेल्या विंडोज १० या प्रणालीला सुरक्षेची डागडुजी पुरवणे मायक्रोसॉफ्ट कंपनी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवणार होती, आणि त्याप्रमाणे तिने ते थांबवलेही. घरगुती गिऱ्हाइकांना आणखी एका वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, मुदत तिने देऊ केली. पण तीही अर्ज करील त्याला. पुढची प्रणाली विंडोज ११. ती २०२१ साली आली ती एक यादी घेऊनच. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. टीपीएम २.० नावाची, गुप्त किल्ल्या सांभाळणारी तिजोरी यंत्रात हवी. सिक्युअर बूट नावाचा पहारेकरी हवा. यांतले एक जरी नसले तरी यंत्र अपात्र.

मुलीचा लॅपटॉप मी तपासला. तिजोरी होती. पहारेकरी होता. मेमरी कमी होती. ती वाढवता येत होती. प्रोसेसर मात्र सातव्या पिढीचा. म्हणजे सगळे असूनही जातीच्या दाखल्यावर अडकले!

कोणी म्हणेल, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. मान्य. पण रेघ ओढणाऱ्याने स्वतः तिच्या अलीकडे उभे राहू नये. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने सातव्या पिढीतल्या मोजक्या प्रोसेसरांना यादीत घेतले. त्यांतला एक होता आय सेव्हन ७८२०एचक्यू. आणि हा प्रोसेसर कंपनी स्वतः विकत असलेल्या सरफेस स्टुडिओ २ या महागड्या यंत्रात बसवलेला होता. त्याच पिढीची त्याची भावंडे आमच्या विद्यार्थ्यांच्या पिशव्यांतून मात्र अपात्रच राहिली. याला तांत्रिक मर्यादा म्हणायचे की वशिला, हे वाचकांनीच ठरवावे.

नरहर कुरुंदकरांच्या नांदेडात राहणाऱ्याला एक सवय लागते: प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्यापेक्षा चांगले मांडल्याशिवाय ते खोडू नये. तेव्हा तेही मांडतो. कंपनीने २०२१ मध्ये सांगितले की, अपात्र यंत्रांवर प्रणालीच्या गाभ्यात कोसळण्याचे प्रकार ५२ टक्के अधिक आढळले. शिवाय आजची चोरी खिडकीतून होत नाही, तारेतून होते. बँकेचे व्यवहार, आधार, परीक्षेचे अर्ज सारे याच यंत्रावर. सुरक्षेचे नवे कोट जुन्या प्रोसेसरला पेलत नाहीत. पेलले तरी त्याची चाल मंदावते. हे सर्व मी खरे मानतो.

पण यातून निघते काय? तो ५२ टक्क्यांचा आकडा साऱ्या अपात्र यंत्रांचा मिळून आहे. पार थकलेले यंत्र आणि केवळ एका पिढीने हुकलेले यंत्र त्यात एकाच टोपलीत घातलेले आहे. माझ्यापुढच्या यंत्राविषयी तो काहीच सांगत नाही. आणि सुरक्षेची एवढीच कळकळ असेल, तर ज्याला नवे यंत्र परवडत नाही त्याचे काय होते ते पाहा. तो नवे घेत नाही. तो जुन्याच प्रणालीवर, डागडुजीशिवाय, तसाच राहतो. म्हणजे सुरक्षेच्या नावाने ओढलेली रेघ गरिबालाच उघड्यावर टाकते.

खरी मर्यादा असते तिथे ती मी मुकाट्याने मानतो. विंडोज ११ ची २०२४ साली आलेली आवृत्ती, जिला २४एच२ म्हणतात, प्रोसेसरकडून पॉपकाउंट नावाची एक आज्ञा मागते. कोअर टू घराण्याच्या प्रोसेसरांत ती आज्ञाच नाही. तिथे कितीही खटपट करा, प्रणाली सुरूच होत नाही. ही भिंत आहे. यादी ही भिंत नव्हे. तो दरवाजावर चिकटवलेला कागद आहे.

हे खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. विहिरीवरची मोटार जळाली तर तो ती रिवाइंडिंगच्या दुकानात नेतो. नवी तांब्याची तार गुंडाळून मोटार पुन्हा पाणी उपसू लागते. मोटार आठव्या पिढीची नाही म्हणून तिला वीज मिळणार नाही, असे अजून कोणी त्याला सांगितलेले नाही. उद्या सांगितले तर तो सांगणाऱ्याला बांधावर उभा करणार नाही. मग लॅपटॉपच्या बाबतीतच आपण मान का डोलावतो? कारण मोटारीचे पोट आपण उघडून पाहिलेले असते, आणि याचे नसते. अज्ञानाला जिथे लाज वाटते, तिथे फर्मान चालते.

आता "अनधिकृत" या शब्दाविषयी. हा शब्द ऐकला की सज्जन माणूस दचकतो. त्याला वाटते, म्हणजे चोरीचे. हा घोटाळा मुद्दाम दूर केला पाहिजे. मुलीच्या लॅपटॉपला विंडोज १० चा रीतसर परवाना होता. त्याच परवान्यावर विंडोज ११ ही चालू होते. कंपनीच्या खात्यात ते अस्सल म्हणूनच नोंदले जाते. चाचणी वगळून प्रणाली बसवणे म्हणजे दरवाजावरचा कागद बाजूला सारून स्वतःच्याच घरात शिरणे. इतकेच काय, अपात्र यंत्रावर प्रणाली चढवायची एक युक्ती २०२१ साली कंपनीने आपल्याच मदतीच्या पानावर, धोक्याची सूचना देऊन का होईना, छापली होती. पुढे ती तिथून नाहीशी झाली. मालकाने सांगितलेली पायवाट मालकानेच पुसली, म्हणून तीवरून चालणारे चोर ठरत नाहीत.

पण दुसरा एक वर्ग आहे, आणि त्याची गय मी करणार नाही. काही दुकानांतून "क्रॅक" केलेली विंडोज थोड्या पैशांत घालून मिळते. ती चोरीची तर असतेच. शिवाय कुलूप तोडणाऱ्या त्या कार्यक्रमाच्या पोटात काय दडले आहे हे तोडणाऱ्यालाही ठाऊक नसते. जुने यंत्र वाचवण्याचे पवित्र काम या मंडळींनी बदनाम केले आहे. ज्याला माझ्या बाजूने लढायचे आहे त्याने आधी यांची संगत सोडावी.

मुलीच्या लॅपटॉपवर मी काय केले ते थोडक्यात सांगतो, कारण असे प्रसंग घरोघर येतात. मुळात यंत्र मंद होते ते म्हातारपणामुळे नव्हे, तर आतल्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे. ती काढून एसएसडी बसवली आणि मेमरी ४ जीबीची ८ केली. एवढ्याने निम्मा रोग गेला. मग रूफस नावाच्या मोफत साधनाने पेनड्राइव्ह तयार केला. ते साधन प्रणालीची मूळ प्रत घेते आणि तीतली पात्रतेची चाचणी वगळते. स्थापना पार पडली.

पुढच्या तक्रारी ठरलेल्या असतात. वायफाय दिसत नाही. आणि नवी प्रणाली तर सुरुवातीलाच इंटरनेट मागते. माणूस इथेच हात टेकतो. उपाय सोपा आहे: अँड्रॉइड मोबाईल केबलने जोडून त्याचे इंटरनेट यंत्राला द्यावे. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून विंडोज १० चे ड्रायव्हर घ्यावेत. बहुधा तेच ११ वर चालतात. पडद्यावरची अक्षरे ओबडधोबड दिसली, तर चित्राचा ड्रायव्हर बसलेला नाही असे समजावे. झाकण मिटल्यावर यंत्र झोपते आणि उठत नाही, ही आणखी एक तक्रार. एका वेळी एकच बदल करावा, यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे, आणि केलेले वहीत लिहावे. घाईने तीन बदल केले की रोग कशाने गेला हे कळत नाही, आणि नवा कशाने आला हेही कळत नाही.

हे शहाणपण मी इतरांना वीस वर्षे शिकवले. आणि त्या मुलीच्या यंत्रावर मीच ते मोडले.

ते झोपेतून उठेना. मी बायॉस, म्हणजे यंत्राची जन्मजात प्रणाली, नवी केली. त्याच बैठकीत दोन कळाही फिरवल्या. एका ठिकाणी पडद्यावर इशारा आला: तिजोरी पुसली जाईल, चालेल का? हाताच्या सवयीने मी "हो" म्हटले. यंत्र उठले ते निळा पडदा घेऊन. त्यावर ४८ अंकी किल्ली मागितलेली. विंडोजच्या २४एच२ या आवृत्तीत कोरी स्थापना करून कंपनीच्या खात्याने प्रवेश केला, की योग्य यंत्रावरची सारी डिस्क आपोआप कुलूपबंद होते. किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. हे मला ठाऊक होते. पण ते खाते मीच घाईने उघडून दिले होते, त्याचा पासवर्ड कुठेही टिपला नव्हता, आणि मुलीला तर असे काही खाते आहे याचाच पत्ता नव्हता. तिजोरी मी पुसली होती. किल्ली हरवली होती. आत तिचा प्रबंध होता: आपल्या गावच्या विहिरींची पाणीपातळी तिने महिनोन्‌महिने मोजली होती, तिचे सारे तक्ते.

मी तिला सांगितले तेव्हा ती रडली नाही. फक्त म्हणाली, "सर, तुम्ही मला हे आधी सांगितलं नव्हतं."

हा एक वाक्याचा आरोप कंपनीवर केलेल्या माझ्या सगळ्या आरोपांपेक्षा जड आहे. माझ्याविरुद्ध बोलणाऱ्याला मी हे हत्यार स्वतःच देतो. मुलीने मोजमापे मुळात एका दोनशेपानी वहीत पेन्सिलीने लिहिलेली होती, म्हणून ती वाचली. दोन रात्री आमच्याच घरी बसून तिने सारे पुन्हा टंकले. आकडे मी वाचून दाखवत होतो. सौभाग्यवती चहा देत होत्या आणि माझ्याशी बोलत नव्हत्या.

या फजितीतून "म्हणून नवेच घ्या" असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चूक आहे. निळा पडदा अनधिकृत स्थापनेमुळे आला नव्हता. हेच कुलूप नव्याकोऱ्या, पात्र यंत्रालाही असते, आणि तिथेही किल्ली हरवली की तीच गत होते. खरा दोष निराळा होता. कंपनीने यादी काढताना मुलीला विचारले नाही. आणि यादी मोडताना मीही तिला विचारले नाही. फर्मानाविरुद्ध लढणाऱ्याने स्वतःच एक छोटे फर्मान काढले!

तेव्हा जो कोणी दुसऱ्याच्या यंत्राला हात लावील त्याने चार गोष्टी पाळाव्यात, असे मी आता आग्रहाने सांगतो. पहिली: कळ दाबण्यापूर्वी सगळ्या फायलींची प्रत बाहेर काढून मालकाच्या हातात द्यावी. दुसरी: खाते मालकाच्या नावाचे, मालकाच्या देखत उघडलेले असावे, ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. तिसरी: हेही सांगावे की, अशा यंत्राला पुढची डागडुजी मिळण्याचा हक्क नाही असे कंपनी म्हणते, दरमहाची येत राहिली तरी वर्षाची मोठी आवृत्ती बहुधा आपोआप येत नाही, पेनड्राइव्ह लावून हाताने चढवावी लागते. चौथी: हे ऐकून मालक नको म्हणाला, तर नको.

ॲपलच्या जुन्या मॅकबुकवाल्यांनी हसू नये. त्यांच्याकडे ओपनकोअर लेगसी पॅचर नावाची उत्साही मंडळींनी केलेली मलमपट्टी आहे. तिने कंपनीने टाकून दिलेली यंत्रे पुन्हा उभी केली आहेत. पण प्रणालीची नवी आवृत्ती आली की पट्टी सुटते आणि पुन्हा बांधावी लागते. २०२३ च्या सोनोमा आवृत्तीपासून जुन्या वायफायचा आधारही काढलेला असल्यामुळे, पट्टी सुटली की कित्येक यंत्रांचे इंटरनेटच जाते. पट्टीचे सामान आधीच पेनड्राइव्हवर ठेवावे, हाच त्यावर उतारा.

आणि ज्याला कोणाचेच फर्मान नको, त्याच्यासाठी तिसरी वाट खुली आहे. लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता, चालवून पाहता येते. वायफाय लागते का, आवाज येतो का, मराठी टंकता येते का, हे तासाभरात कळते. आपल्या सी-डॅकनेही भारतीय भाषांसाठी बॉस नावाची प्रणाली केलेली आहे. लेखन, वाचन, अभ्यास यांसाठी ही वाट सरळ आणि सुरक्षित आहे. अडते ते एखाद्या कचेरीचा किंवा परीक्षेचा कार्यक्रम विंडोजच मागतो तेव्हा. म्हणून माझे भांडण एकट्या कंपनीशी नाही. कागद स्वीकारणाऱ्या आपल्या कचेऱ्या आणि संस्था "अमुकच प्रणाली हवी" असे विनाकारण लिहितात, तेव्हा त्याही त्या फर्मानावर शिक्का मारतात.

२०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे, वाहने यांचा तीत विचार झाला. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण स्क्रू मिळाला आणि प्रणाली नाकारली, तर दुरुस्तीचा हक्क अर्धाच राहतो. ज्या दिवशी कंपनी आपला आधार काढून घेईल, त्या दिवशी तिने मालकाला रीतसर मोकळे करावे: नवी प्रणाली स्वतःच्या जबाबदारीवर घालायची राजरोस वाट ठेवावी आणि तिचे धोके स्पष्ट लिहावेत. मग कोणा निवृत्त शिक्षकाच्या थरथरत्या हातावर एखाद्या मुलीचा प्रबंध अवलंबून राहणार नाही. माझी मागणी एवढीच आहे.

तो लॅपटॉप अजून चालतो. मुलीने प्रबंध त्यावरच पुरा केला. मध्यंतरी तिचे वडील रस्त्यात भेटले. मी जरा ओशाळूनच विचारले, "कसं आहे यंत्र?" ते म्हणाले, "चालायलंय की!" आणि थोडे थांबून, "पण सर, किल्लीचा कागद आमी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलाय."

वाचकहो, पाडव्याला नवे यंत्र जरूर घ्या, ऐपत असेल आणि गरज असेल तर. पण जुने भंगारात देण्यापूर्वी एकदा कळ दाबून पाहा. श्राद्ध करायचे ते मेलेल्याचे. चालत्याचे करणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात, ते सणाच्या दिवशी मी लिहीत नाही.